गोबरगॅसवरचं इंजिन: आधी गॅस, मग हवा, ठिणगी शेवटी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेलं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कितीतरी वाड्यांमध्ये दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हापासून गोठा असलेल्या घरांत एक विचार रुजला: शेण आपलं, गॅस आपला, मग डिझेल कशाला जाळायचं? विचार चांगलाच आहे. पण इंजिन आणलं जातं, चार दिवस छान चालतं, पाचव्या दिवशी धापा टाकायला लागतं. मग गॅरेजवाला येतो, टायमिंगला, म्हणजे ठिणगीच्या वेळेला, हात घालतो आणि तिथून घसरण सुरू होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की गॅस इंजिनातलं ज्वलन बिघडलं तर दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर असतो. म्हणून हात लावण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी गॅस स्थिर करायचा, मग हवेचं प्रमाण, मग ठिणगीची वेळ आणि शेवटी लोड, म्हणजे जनरेटरवरचा भार. हा क्रम उलटा केला तर एका चुकीवर दुसरी चूक चढते आणि मूळ दुखणं सापडतच नाही.

हा लेख मुख्यतः स्पार्क प्लगवर चालणाऱ्या ५ ते ३० केव्हीएच्या जनरेटरबद्दल आहे. डिझेल आणि गॅस एकत्र जाळणाऱ्या इंजिनाबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

इंजिन घेण्याआधीचा हिशोब

एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. आपली कोकण कपिला अंगाने लहान, शेणही त्याच मानाने. जर्सी किंवा म्हैस जास्त देते. दिवसाला २५० किलो शेण जमत असेल तर १० घनमीटर गॅस धरा. लहान इंजिन एका घनमीटरमधून सव्वा ते दीड युनिट वीज काढतं. म्हणजे दिवसाला १३-१५ युनिट, म्हणजे साडेतीन किलोवॅटचा भार सुमारे चार तास. यापेक्षा मोठं इंजिन घेतलं तर ते कायम अर्धपोटी चालणार, आणि अर्धपोटी इंजिनाचं ज्वलन कधीच नीट राहत नाही.

पहिली पायरी: गॅस ओळखा

गुहागरच्या बाजूला दाभोळ प्रकल्पात येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू जवळजवळ सगळा मिथेनच असतो, आणि आजचा उद्याला जुळतो. गोबरगॅसचं तसं नाही. त्यात मिथेन ५५ ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, सोबत पाण्याची वाफ आणि थोडा पण उपद्रवी हायड्रोजन सल्फाइड. हे प्रमाण खाद्य, पाणी आणि हवामानाप्रमाणे हलतं.

हलल्याने काय होतं ते आकड्यात पाहू. एक घनमीटर शुद्ध मिथेन पुरता जळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते. ६० टक्के मिथेनच्या गोबरगॅसला ५.७ घनमीटर पुरते. प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, याला लॅम्बडा म्हणतात. १ म्हणजे नेमकी, १ च्या वर म्हणजे हवा जास्त, मिश्रण पातळ. समजा तुम्ही लॅम्बडा १.२ वर इंजिन छान लावून ठेवलंत. जुलैत डायजेस्टरमध्ये, म्हणजे शेण कुजवायच्या टाकीत, पावसाचं पाणी शिरलं, आतला जिवाणूंचा कारभार मंदावला आणि मिथेन ५० टक्क्यांवर आला. गॅसचा स्क्रू कोणी हलवलेला नाही, तरी लॅम्बडा झाला १.४४. साध्या इंजिनाला एवढं पातळ मिश्रण पेलत नाही. ते मिसफायर करणार, म्हणजे अधूनमधून मिश्रण पेटणारच नाही, आणि टायमिंग बिघडलं असं सगळ्यांना वाटणार.

म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजायला शिका. महागडं उपकरण नसेल तर साठ मिलिलिटरची सिरिंज आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण पुरतं. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर गॅस घ्या, थोडं द्रावण आत ओढा, टोक द्रावणात बुडवूनच ठेवा आणि हळूहळू हलवत राहा. कार्बन डायऑक्साइड विरघळतो तसं द्रावण वर चढतं. शेवटी ३० मिलिलिटर वायू उरला तर २० गेले, म्हणजे ४० टक्के. उरलेला मिथेन धरायचा, मात्र पाइपमधून हवा शिरलेली नाही याची खात्री हवी. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

पावसाळ्याआधी आणि भर पावसात आठवड्याला एकदा हे मोजमाप करा. डायजेस्टरच्या खड्ड्याभोवती पागोळ्यांचं पाणी येत असेल तर पन्हळ लावून ते वळवणं हे, खरं सांगायचं तर, कुठल्याही ट्यूनिंगपेक्षा मोठं काम आहे.

हायड्रोजन सल्फाइड आणि जांभ्याची माती

सडक्या अंड्यांचा वास येतो तो हा. जळल्यावर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, पाणी मिळालं की आम्ल, आणि ते ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खातं. वासावर मात्र विसंबू नका: प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं, आणि नेमकं तेव्हाच तो प्राणघातक असतो. डायजेस्टरच्या टाकीत कधीही, कुठल्याही कारणाने उतरू नका. टाकी बंद करून बरेच दिवस झाले असले तरी नाही.

हा वायू गॅसमधून काढायला लोहाचा ऑक्साइड लागतो आणि तो कोकणात पायाखाली आहे. जांभ्याची लाल माती लोहाने भरलेली असते. प्लास्टिकच्या ड्रममध्ये ती चाळून, रंधा मारलेल्या लाकडाच्या भुश्यात मिसळून भरा. नुसती माती घट्ट बसते आणि गॅस अडतो. मिश्रण थोडं ओलसर ठेवा. गॅस खालून वर जाऊ द्या. गंजलेला लेथचा चुरा मिळाला तर तोही घाला, त्याने काम चांगलं होतं. लाल रंग काळा पडत वर चढतो, तो तीन चतुर्थांश ड्रमपर्यंत आला की माल बदला. काढलेला माल हवेत पातळ पसरा. हवा लागली की तो परत लाल होतो, पण होताना तापतो. ढीग केला तर पेटूही शकतो. त्यामुळे पेंढ्याच्या माचाजवळ तर मुळीच नको.

इंजिनात जाणाऱ्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भागांच्या) खाली हवाच, २०० च्या खाली आला तर उत्तम. लेड ॲसिटेटची पट्टी काळी पडते का एवढी ढोबळ तपासणी घरी होते.

दुसरी पायरी: पाणी आणि दाब

डायजेस्टरमधून निघालेला गॅस वाफेने भरलेला असतो. पाइप गार पडला की पाणी सुटतं आणि जिथे पाइप झुकला असेल तिथे साचतं. मग गॅस गुळगुळ करत झटक्यांनी येतो आणि इंजिनाचा आवाज वर-खाली होतो. पाइपला सतत उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी वॉटर ट्रॅप बसवा. तो रोज सकाळी उघडायची सवय लावा.

दाबाचा प्रश्न टाकीच्या प्रकारावर ठरतो. तरंगत्या डोमच्या खादी आयोगाच्या नमुन्यात दाब साधारण १० सेंटीमीटर पाण्याच्या आसपास, जवळजवळ स्थिर असतो. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटात मात्र तो भरल्यावर ९०-१०० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि गॅस वापरला तसा शून्याकडे येतो. म्हणजे इंजिन सुरू करताना मिश्रण घट्ट (गॅस जास्त) आणि तासाभराने पातळ. पक्क्या घुमटावर थेट इंजिन जोडू नका. मध्ये गॅस साठवायचा फुगा ठेवा, किंवा निदान चांगला झीरो-प्रेशर रेग्युलेटर. हा रेग्युलेटर गॅस वातावरणाच्या दाबावर आणून ठेवतो. मग गॅस आणि हवा मिसळणाऱ्या मिक्सरच्या व्हेंचुरीतून (अरुंद गळ्यातून) हवा जितकी ओढली जाते, त्या प्रमाणातच गॅस ओढला जातो. ज्वलनावरचा खरा ताबा इथे मिळतो. इंजिनाला चिकटवलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्यापेक्षा मी या रेग्युलेटरवर आधी पैसे घालेन.

दाब बघायला पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा आणि भिंतीवर पट्टीशेजारी टांगा. पूर्ण लोडवर रेग्युलेटरच्या आधीचा दाब किती पडतो ते बघा. निम्म्याहून खाली गेला तर पाइप बारीक आहे किंवा लाल मातीचा ड्रम तुंबला आहे.

जोडांची गळती साबणाच्या फेसानेच तपासायची, काडी पेटवून नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. गोबरगॅस हवेपेक्षा किंचितच हलका असतो, त्यामुळे तो पटकन वर निघून जाईल या भरवशावर राहू नका. खोपीला वर आणि खाली दोन्हीकडे मोकळी जाळी ठेवा. इंजिनाच्या अगदी जवळ गॅसलाइनमध्ये ज्वाला अडवणारा फ्लेम अरेस्टर हवा, कारण बॅकफायर झाला तर ज्वाला मागे येते.

तिसरी पायरी: मिश्रण लावणं

इथे एक फसगत नेहमी होते. रिक्षाचं एलपीजी किट आणून गोबरगॅसला लावतात. प्रोपेनच्या एका घनमीटरला २४ घनमीटर हवा लागते, ब्यूटेनला ३१. त्या हिशोबाने केलेलं गॅसचं भोक गोबरगॅसला चार-पाचपट लहान पडतं. इंजिन चालू होईल, पण लोड घेणार नाही. गोबरगॅससाठी केलेला मिक्सरच हवा.

आता कृती. इंजिन गरम होऊ द्या, पाणी ८० अंशांवर येऊ द्या. लोड म्हणून पंप लावू नका. पाण्याचे हीटर किंवा हॅलोजन दिवे लावा, म्हणजे भार स्थिर राहतो. क्षमतेच्या ७० टक्के भार ठेवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर) तापमान मोजणारा थर्मोकपल बसवा, शक्य तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा. फार महाग नाही, आणि कान जे सांगू शकत नाही ते तो सांगतो.

गॅसचा स्क्रू थोडा जास्त उघडून सुरुवात करा. मग पाव फेरा बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. तापमान, फ्रिक्वेन्सी आणि गव्हर्नरने (वेग धरून ठेवणाऱ्या भागाने) थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) किती उघडला ते लिहा. पुन्हा पाव फेरा. मिश्रण नेमक्या प्रमाणाजवळ आलं की धुराचं तापमान सगळ्यात वर जातं, पुढे पातळ होईल तसं उतरतं. एका टप्प्यावर फ्रिक्वेन्सी डोलायला लागेल आणि सायलेन्सरचा ठोका अधूनमधून चुकेल. ती पातळपणाची हद्द. तिथून अर्धा फेरा परत उघडा आणि तिथे नट आवळा.

धुरातला ऑक्सिजन मोजायचं साधन मिळालं तर काम सोपं: साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन म्हणजे लॅम्बडा सुमारे १.२, सात टक्के म्हणजे जवळजवळ १.५. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला १.१ ते १.३ हा पट्टा मानवतो. १.५ च्या पुढची पातळ मिश्रणं मोठ्या कारखान्यांतल्या इंजिनांसाठी असतात, ज्यांची ठिणगी जबर असते किंवा ज्वाला आधी छोट्या कप्प्यात पेटवून मग सिलिंडरमध्ये सोडतात. नायट्रोजन ऑक्साइड्स १.१ च्या जवळपास सर्वांत जास्त होतात, म्हणून १.२ च्या थोडं वर राहणं इंजिनाला आणि शेजाऱ्यांनाही बरं.

डिझेलवाल्यांची नजर धुराच्या रंगावर असते. इथे ती उपयोगाची नाही. मिथेनचं मिश्रण घट्ट झालं तरी काळा धूर येत नाही, फक्त कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला रंग नाही, वासही नाही. म्हणून सायलेन्सरचं तोंड घराच्या, गोठ्याच्या आणि होमस्टेच्या खिडक्यांपासून लांब काढा.

आपल्या दमट हवेचाही वाटा असतो. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की हवेतली साडेतीन टक्के जागा वाफच खाते. तेवढा ऑक्सिजन कमी, शिवाय वाफ ज्वाला मंद करते. म्हणून डिसेंबरात घेतलेला पूर्ण लोड ऑगस्टमध्ये इंजिन नेलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

चौथी पायरी: ठिणगीची वेळ

मिथेनची ज्वाला मुळातच सावकाश पसरते, कार्बन डायऑक्साइडने आणखी रेंगाळते. म्हणून पेट्रोलपेक्षा ठिणगी लवकर पडावी लागते. साधारण १० ते १५ अंश जास्त ॲडव्हान्स, म्हणजे बऱ्याच गोबरगॅस इंजिनांत पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या २५ ते ३५ अंश आधी. इंजिनाच्या पाटीवर आकडा असेल तर तोच आधार.

जनरेटरमध्ये गव्हर्नर वेग धरून ठेवतो, त्यामुळे टायमिंग बरोबर आलं की आवाज वाढेल अशी वाट बघू नका. बघायचा तो थ्रॉटल. भार तोच ठेवून टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे घ्या. जिथे थ्रॉटल सर्वांत कमी उघडा राहतो तो उत्तम बिंदू. तिथून दोन अंश मागे या, म्हणजे गॅस बदलला तरी हाताशी जागा राहते. गाडीला असं केल्यावर ती चांगली चढत होती म्हणून गॅरेजवाला म्हणेल “वाईच फुडे घेऊया”, तर थ्रॉटलची खूण दाखवून नाही म्हणा.

टायमिंग मागे पडलं असेल तर धूर जास्त गरम आणि इंजिन सुस्त. फार पुढे गेलं असेल तर स्टार्टला उलटा झटका, पाण्याचं तापमान वर आणि शेवटी नॉकिंग, म्हणजे कडक टकटक. छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये कॉइल एका जागी पक्की असते, टायमिंग हलवता येत नाही. तिथे मिश्रण फार पातळ न ठेवणं एवढंच हातात आहे.

प्लगचा गॅप गॅस इंजिनात कमी ठेवतात, साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, फिलर गेजने मोजा, डोळ्यांनी नको. आणि समुद्राची खारी हवा विसरू नका. प्लगच्या वायरीवर मिठाचा ओलसर थर बसला की ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच जमिनीकडे पळते. अंधारात इंजिन चालू करून बघा: वायरीवर निळसर लुकलुक दिसली तर वायर बदला. हवेचं तोंड समुद्राकडे ठेवू नका, आणि खोपीतली गरम हवाही त्यात जाऊ देऊ नका.

आवाज ओळखा

नॉकिंग म्हणजे भारावर येणारा कडक टकटक आवाज, सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटल्यामुळे. गोबरगॅसवर तो सहसा येत नाही. मिथेन नॉकिंगला चिवट आहे आणि कार्बन डायऑक्साइड त्याला आणखी थोपवतो. म्हणून तर ११ ते १३ चं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण तितक्या पटीने दाबणं, सहज चालतं. तरीही आला तर टायमिंग, तापलेला प्लग किंवा पिस्टनवर साचलेला थर यांपैकी काहीतरी आहे. रिसॉर्टच्या सांडपाण्यावरचा गॅस असेल तर थराकडे विशेष लक्ष द्या: शाम्पूतली सिलिकोन वायूत उतरतात आणि जळून वाळूसारखा पांढरट कडक थर धरतात.

मिसफायर उलट मऊ असतो, ठोका हरवल्यासारखा. एकाच सिलिंडरचं तापमान इतरांपेक्षा पन्नास-साठ अंश कमी असेल तर त्याच सिलिंडरचा प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. सगळ्यांचं एकदम घसरलं तर गॅस. सायलेन्सरमधला फटाका म्हणजे न जळलेला गॅस तिथे जाऊन पेटतो, म्हणजे आधी मिसफायर शोधा. मिक्सरकडे होणारा फटाका पातळ मिश्रणाचा किंवा गळक्या इनटेक व्हॉल्व्हचा.

भार आणि ऑइल

निम्म्याहून कमी भारावर तासन्‌तास चालवू नका. इंजिन थंड राहतं, आम्ल ऑइलमध्ये गळतं. पाणी ८० ते ९० अंश राहिलं पाहिजे, थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय इथे घातक आहे. बर्फाच्या मशीनची किंवा विहिरीच्या पंपाची मोटर थेट सुरू केली की पाच ते सातपट करंट ओढते. मिक्सर तेवढ्या झटक्यात गॅस देऊ शकत नाही आणि इंजिन गुदमरतं. मोठी मोटर आधी सुरू करा, बाकीचा भार नंतर, किंवा मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावा. ऑइल गॅस इंजिनाचंच घ्या आणि पावसाळ्यात ते ठरल्यापेक्षा लवकर बदला.

डिझेल इंजिन गॅसवर

इथे प्लग नसतो, थोडं डिझेल फवारून त्याने गॅस पेटवतात. हवेच्या वाटेने गॅस सोडला की गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो. डिझेल ७० ते ८० टक्के वाचतं, त्यापुढे लोभ नको: फवारा फार कमी झाला तर इंजेक्टरची नोझल तापून खराब होते, आणि १७ च्या आसपासच्या कॉम्प्रेशनला गॅस जास्त झाला तर ठोके येतात. इंजिन सुरू आणि बंद नेहमी नुसत्या डिझेलवरच करा. गॅस कमी पडला तरी हे इंजिन चालत राहतं, म्हणून ज्यांच्याकडे शेणाचा भरवसा नाही त्यांनी स्पार्कऐवजी हेच घ्यावं असं मला वाटतं.

बंद करताना

स्पार्क इंजिन चावीने बंद करू नका. आधी भार काढा, दोन-तीन मिनिटं मोकळं फिरू द्या, मग गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पाइपमधला गॅस संपून इंजिन आपोआप थांबू द्या. ठिणगी आधी तोडली तर सायलेन्सरमध्ये कच्चा गॅस भरून राहतो आणि पुढच्या स्टार्टला स्फोट होतो. थांबल्यावर चावी बंद, टाकीजवळचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, वॉटर ट्रॅप रिकामा. पावसाळ्यात इंजिन आठवडाभर बंद राहणार असेल तर सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला आणि त्यावर ‘काढून सुरू करा’ असं ठळक लिहून ठेवा.